सोनटिंब

जळगावात मे महिन्यात एसी बंद ठेवा म्हणून भांडणारी माणसं एकाच खोलीत सापडायची, आणि ती खोली एमआयडीसीतल्या ‘तेजःकण’ कंपनीच्या पहिल्या मजल्यावर होती. तिथं मोठ्या काचेच्या भांड्यांत सोनं वाढत असायचं. ज्या साबणासारख्या द्रावात ते वाढायचं तो जरा गारठला की खोबरेलासारखा थिजायचा आणि अख्खा घाणा वाया जायचा. नवा आलेला प्रत्येक जण एकदा तरी एसी लावायचा, एक घाणा घालवायचा, आणि मग घाम पुसत काम करायला शिकायचा.

केतकी विसपुते या खोलीची प्रमुख. तिची पाच महिन्यांची पूर्णा खालच्या मजल्यावर कंपनीच्या पाळणाघरात असायची. भांड्यातला द्राव आधी बिनरंगी असायचा, मग बघता बघता जांभळट, मग निळसर, मग मातकट व्हायचा. केतकीच्या छातीत नेमका याच सुमारास पान्हा दाटायचा. हातमोजे काढून ती जिना उतरायची, पूर्णाला घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. पूर्णा पिताना एका हातानं आईचा कान धरायची. वर सोनं वाढायचं, खाली लेक.

सोनं पिवळं असतं ते आपण अंगावर घालतो ते. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहून बारीक केलं की ते आपला रंग सोडून देतं. अशा कणावर प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन सगळे मिळून हेलकावे घेऊ लागतात, आणि ज्या रंगाच्या प्रकाशाशी त्यांच्या हेलकाव्यांचा मेळ बसतो तो रंग गिळून टाकतात. गोल कण असला तर सोनं डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसतं. तोच कण ओढून कांडीसारखा लांबट केला की हेलकावा सावकाश होतो. लांब दोराचा झोका आखूड दोराच्या झोक्यापेक्षा सावकाश झुलतो, तसंच. कांडी जितकी लांब, तितका ती गिळते तो रंग तांबड्याच्या पलीकडे सरकत जातो, माणसाच्या डोळ्याला दिसेनासा होतो, आणि अवरक्त प्रकाशात बघणाऱ्या कॅमेऱ्यालाच तेवढा दिसतो.

अडचण एकच होती. भांड्यात वाढणाऱ्या कांड्या सारख्या लांबीच्या निघत नसत. एक लांब, एक आखूड, मध्येच एखादा गोळा. सगळ्या मिळून नुसता गलका करायच्या. लिंबात असतं ते क जीवनसत्त्व थेंबाथेंबानं सोडत, सोन्याला अजिबात घाई करू न देता, अब्जावधी कांड्या एका मापाच्या कशा काढायच्या हे केतकीनं शोधलं. एक नाही, आठ मापांच्या. तोंडाच्या कॅन्सरची चाहूल थुंकीच्या एका थेंबात लागावी म्हणून तिनं ते केलं होतं. गुटख्यानं तिच्या वडिलांचा जबडा खाल्ला होता. थुंकी तपासायची ती पट्टी निघाली, आजही गावोगावच्या दवाखान्यांत चालते, आणि केतकीला तिचा अभिमान होता.

कंपनीनं मात्र दुसरंही काही ओळखलं. कानाच्या पाळीत दहा बारीक टिंबं टोचायची, प्रत्येक टिंबात आठांपैकी एका मापाच्या कांड्या. एवढ्यावर शंभर कोटींहून जास्त वेगवेगळ्या खुणा होतात, आणि एकही डोळ्याला दिसत नाही. खुणेला बॅटरी नको, चार्जिंग नको. ती हरवत नाही, पुसली जात नाही. दारातून जाता जाता कॅमेरा वाचतो, पदराआडूनही. कंपनीनं तिला नाव दिलं, सोनटिंब. मूल जत्रेत चुकलं तर सापडेल, लसींची नोंद राहील, शाळेत हजेरी आपोआप लागेल. सक्ती कसलीच नव्हती.

आणि सोनटिंब घरोघरी पोचवायचं कुणी, याचं उत्तर त्यांनी इतकं अचूक शोधलं की केतकीला हसावं की रडावं कळेना. लहान मुलाच्या कानाला एकच परका माणूस हात लावतो, तो सोनार. कंपनीनं टोचायची यंत्रं सोनारांना वाटली.

*

जळगावच्या सराफ बाजारात पहिलं यंत्र घेतलं ते काशिनाथशेठ विसपुत्यांनी, म्हणजे केतकीच्या सासऱ्यांनी. त्यांना सगळे नाना म्हणत. मॉलमधल्या बंदुकीनं कान टोचायची पद्धत आल्यापासून नानांचं हे काम सुटलंच होतं. यंत्र आल्यावर दुकानासमोर पुन्हा बायका बाळं घेऊन बसू लागल्या. नाना आधी जुन्या पद्धतीनं सोन्याच्या तारेनं कान टोचायचे, हळद-खोबरेल लावायचे, आणि मग यंत्राचा चिमटा पाळीला एक क्षण धरायचे. इतक्या हलक्या हातानं, की मूल तारेला रडायचं पण टिंबाला रडायचं नाही.

पूर्णाचे कान रविवारी टोचायचे ठरले. नानांनी कंपनीच्या लोकांनाही बोलावलं. जिनं कांड्या घडवल्या तिच्याच लेकीला आजोबा टिंब लावणार, याचे फोटो त्यांना हवे होते. केतकीला हे कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देत होती. गॅस बंद करून ती बाहेर आली आणि म्हणाली की कान टोचा, तार घाला, टिंब मात्र नको.

नाना आधी समजुतीनं बोलले. त्यांनी विचारलं, त्यात काही विषारी आहे का. केतकी म्हणाली, नाही, सोनं सोनंच आहे. मग दुखतं का. तेही नाही. मग अडलं कुठं?

“माझ्या घरची लेक कोरी ठेवू, अन् गावच्या पोरांना टिंब लावत बसू?” नाना म्हणाले. “लोक काय म्हणतील, याला स्वतःच्या हाताचा भरवसा नाही का? तू काय बोलू राहिली बाई, तुझं तुला तरी समजतं का?”

“लोकांना सांगा नाना, सुनेनं नको म्हटलं.”

“सुनेनंच तर बनवलं ते.”

“म्हणूनच.”

नानांनी मुलाकडं पाहिलं. हर्षल शाळेत भूगोल शिकवायचा आणि घरात कोणाची बाजू घ्यायची वेळ आली की पाणी प्यायला उठायचा. तो पाणी प्यायला उठला.

केतकीचं अडलं होतं ते सुरैयापाशी. सुरैया तडवी तिची कॉलेजच्या होस्टेलपासूनची मैत्रीण, यावलची. एका कातडीच्या दवाखान्यात टॅटू पुसायचं लेसरयंत्र चालवायची. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून तिनं मुलाला घेऊन घर सोडलं होतं, भुसावळला खोली घेतली होती. नवऱ्यानं तिला शोधलं ते मुलाच्या कानावरून. पार्सलांवरच्या खुणा वाचायला मिळतो तसा एक स्वस्त वाचक, म्हणजे टिंब वाचणारा कॅमेरा, त्यानं विकत घेतला आणि तो घेऊन शाळांच्या फाटकांपाशी उभा राहू लागला. तिसऱ्या शाळेत मुलगा, अरमान, सापडला आणि त्यानं त्याला उचलून नेलं. पोलिसांनी मूल परत मिळवून दिलं. सुरैयानं गाव बदललं, शाळा बदलली, मुलाला आडनावही वेगळं लावलं.

“घर बदललं, नाव बदललं,” ती केतकीला म्हणाली होती. “कान कसा बदलू?”

सोनटिंब कुणाला उत्तर द्यायचं ते निवडत नाही. जो विचारेल त्याला ते सांगतं. शाळेलाही, चोरालाही, आणि मूल मोठं झाल्यावर कुठं कुठं जाईल ते ज्याला कळायला नको त्यालाही. त्याला गप्प बस म्हणायची सोय केलेली नव्हती.

हे केतकीनं कंपनीतल्या तिच्या वरिष्ठांना, सबनीस साहेबांना, सांगितलं होतं. वर हेही सांगितलं होतं, की टिंब काढता येईल असं तिला वाटतं. सबनीसांनी तिला चहा पाजला. म्हणाले, लोकांनी आपल्याकडून ‘कायमचं’ हा शब्द विकत घेतलाय, केतकी मॅडम. तो आपण परत मागायचा नाही.

*

रविवारपर्यंत नाना नरमले. दोन दिवस अबोला धरून शेवटी म्हणाले, बरं, तुझ्या मनासारखं. केतकीनं पूर्णाला नवं झबलं घातलं, तीट लावली.

कान टोचताना आईनं समोर थांबायचं नाही, ही तिकडची रीत. आईला बघवत नाही, तिच्या डोळ्यांत पाणी आलं की मूल जास्त रडतं, म्हणून तिला दुकानाबाहेर बसवतात आणि बापाच्या नाहीतर मामाच्या मांडीवर मूल देतात. केतकी बाहेर बाकावर बसली. शेजारच्या बाईनं तिला पेढा दिला. आतून पूर्णाचं रडणं आलं, एकदा, दुसऱ्यांदा, मग ते हुंदक्यांवर आलं आणि थांबलं. केतकीचा ब्लाउज ओला झाला. ती उठून आत गेली तेव्हा हर्षलच्या मांडीवर पूर्णा लाल नाकानं आजोबांच्या बोटातली अंगठी बघत होती. दोन्ही कानांत सोन्याची तार, वर हळद.

तिनं लेकीला घेतलं, पदराखाली धरलं आणि दारातून बाहेर पडू लागली. दारावर चोरीच्या भीतीनं बसवलेला वाचक होता. त्याच्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली.

‘नमस्कार, पूर्णा हर्षल विसपुते.’

आतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कंपनीच्या माणसानं फोटो काढला.

केतकी वळली. नाना चिमटा पुसत होते, त्यांनी मान वर केली नाही. हर्षल तिच्याकडं बघत होता आणि त्याच्या तोंडावरूनच तिला कळलं, की याला आधीपासून ठाऊक होतं. मूल त्यानंच धरलं होतं.

ती ओरडली नाही. लेकीच्या पाठीवर हात ठेवून तिनं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं, “नाना, हे मी काढणार. लपून नाही काढणार, सांगून काढणार. फोटोवाल्यांनी हेही लिहून घ्यावं.”

*

संध्याकाळी घरी हर्षल बोलला. फार दिवसांनी तो इतकं बोलला. म्हणाला, नानांनी हात जोडले माझ्यासमोर, म्हाताऱ्या माणसानं. म्हणाला, शाळेत मी रोज बघतो, टिंब असलेली मुलं फाटकातून सरळ आत जातात आणि नसलेली बाजूच्या खिडकीपाशी कागद दाखवत उभी राहतात. इतर पोरं त्यांना ‘बिनकानी’ म्हणून चिडवतात.

“तिला रोज त्या खिडकीपाशी उभी करणार आहेस का तू? तुझ्या तत्त्वासाठी?”

प्रश्न खोटा नव्हता. केतकीनं पूर्णाची दुखरी पाळी फुंकर घालून गार केली. मग म्हणाली, की खिडकीपाशी उभं राहावं लागलं तर मीही तिच्याबरोबर उभी राहीन, आणि खिडकी कुणी बसवली ते तिला सांगेन. पण ज्या दिवशी तिला कुणापासून दूर जायचं असेल त्या दिवशी मी तिच्याजवळ असेनच असं नाही. तेव्हा तिचा कान तिच्या बाजूचा असला पाहिजे.

“आणि तू मला विचारलं नाहीस,” ती म्हणाली. “भांडला असतास तर चाललं असतं. तू धरलंस तिला.”

हर्षल त्या दिवशी पाणी प्यायला उठला नाही. बसून राहिला.

सोमवारी कंपनीचा मेल आला. खुणेशी छेडछाड म्हणजे कराराचा भंग, नोकरी जाईल. शिवाय नोंदलेली खूण नष्ट झाली तर मुलीच्या नावापुढं तशी नोंद राहील आणि ती जिथं जाईल तिथं आधी तिची चौकशी होईल. खाली सबनीसांनी स्वतःची ओळ जोडली होती. टिंब राहू द्या, घरचा वाद घरात मिटवा, आम्ही काही ऐकलंच नाही असं समजू.

केतकीनं ओळ वाचली आणि सुरैयाला फोन लावला.

*

कांडीचा आकार हा सोन्याचा हट्ट नसतो, घडवणाऱ्याचा असतो. सोन्याला मनातून गोल व्हायचं असतं, पाण्याच्या थेंबासारखं. त्याला पुरेशी ऊब मिळाली की ते वितळायच्या आधीच अंग आखडून गोळा होतं, आणि गोळा झालं की अवरक्तात मुकं होतं. प्रश्न इतकाच, की कातडी न भाजता फक्त कांडीला ऊब कशी द्यायची.

कांड्या ओबडधोबड असत्या तर हे जमलं नसतं. प्रत्येक लांबीसाठी वेगळा प्रकाश, आणि तेवढ्यात पाळी करपली असती. पण या कांड्या केतकीच्या होत्या. एका टिंबातली प्रत्येक कांडी दुसरीसारखी, एकाच लहरीला एकदम जागी होणारी. त्या लहरीचा एकच झटका, सेकंदाच्या अब्जाव्या हिश्श्याइतका, मारला की सगळ्या कांड्या तो गिळतात आणि शेजारच्या मांसाला बातमी लागायच्या आत गोळा होतात. आठ मापं, म्हणून आठ लहरी. सुरैयाच्या दवाखान्यातल्या लेसरला लहर बदलता यायची, कारण माणसं अंगावर निरनिराळ्या रंगांचे टॅटू गोंदवून घेतात आणि मग पस्तावतात.

केतकीनं आधी स्वतःच्या कानाला टिंब लावून घेतलं. सुरैयानं विचारलं, कोंबडीच्या कातडीवर करून बघायचं का. केतकी म्हणाली, कोंबडीला दुखलं ते कोंबडी सांगत नाही. ती खुर्चीवर बसली, सुरैयानं डोळ्यांवर गडद चष्मा चढवला आणि दहा टिंबं एकेक करून गप्प केली. रबराची बारीक पट्टी सुटून लागावी तेवढं लागलं. वाचक कानापुढं धरला तर पडदा कोरा. पाळीवर गुलाबी छटा राहिली होती, दुसऱ्या दिवशी तीही दिसेना.

“पोरीला रबर लागेल,” सुरैया म्हणाली.

“लागू दे. मी असेन.”

मग अरमानचा कान झाला. तो आठ वर्षांचा होता, खुर्चीत ताठ बसला आणि संपल्यावर विचारलं की आता अब्बांच्या मशीनला मी दिसणार नाही ना. सुरैयानं तोंड फिरवून यंत्राची काच पुसली, जी आधीच स्वच्छ होती.

पूर्णाच्या वेळी भरदुपार होती आणि दवाखान्याचं दार केतकीनं मुद्दाम उघडं ठेवायला सांगितलं. हर्षल आला होता. कुणी बोलावलं नव्हतं. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला आणि भिंतीशी उभा राहिला. केतकीनं लेकीला छातीशी धरून पाजायला घेतलं, म्हणजे मान स्थिर राहते. पूर्णाच्या डोळ्यांवर कापडाची काळी पट्टी, वरून आईचा तळहात. पहिल्या झटक्याला ती दचकली, पिणं थांबवून एक लांब श्वास घेतला, रडू की नको असा विचार केला आणि पुन्हा पिऊ लागली. दहाव्यापर्यंत तिला झोप लागली होती.

सुरैयानं वाचक धरला. पडद्यावर काही नव्हतं. केतकीला वाटलं होतं की आपल्याला रडू येईल. तिला भूक लागली.

परत येताना ती मुद्दाम सराफ बाजारातून आली. दारातला वाचक गप्प राहिला. नानांनी चष्म्यावर भिंग चढवून नातीचा कान उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला.

“माझ्या हातचं पुसलं तू.”

“तार तुमच्या हातची आहे नाना. ती ठेवलीय. सोनंही सगळं आतच आहे, एक कण गेला नाही. फक्त चुगली करायचं बंद झालंय.”

नानांनी यंत्र परत केलं नाही, आजही केलेलं नाही. पण पुढच्या रविवारी एका बाईला नोकरानं रीतीप्रमाणे बाहेर बाकावर बसवलं, तेव्हा नानांनी तिला आत बोलावलं, समोर खुर्ची दिली, आणि टिंबाचा चिमटा दाखवून विचारलं, हे लावू का, तू सांग.

*

नोकरी गेली. नोंद झाली. ‘खूण नष्ट’ असं पूर्णाच्या नावापुढं कायमचं लिहिलं गेलं, आणि केतकीनं ते वाचून हर्षलला वाचायला दिलं. त्यानं वाचलं, आणि म्हणाला की खिडकीपाशी मीही उभा राहीन, नाहीतरी माझा वर्ग तिथून जवळ आहे. पूर्ण माफी केतकीच्या मनात अजून उतरली नव्हती. पण ती हसली.

सबनीसांचा फोन आला तेव्हा ती सुरैयाच्या दवाखान्यात होती. बाहेरच्या बाकांवर पाच-सहा बायका होत्या, कुणाच्या कडेवर मूल, कुणाचं मूल बाकाखाली. एक चोपड्याहून आली होती, एकीनं कुठून आली ते सांगितलंच नाही. सबनीस थकलेले वाटले. त्यांनी दाव्याची, वकिलांची धमकी दिली नाही. म्हणाले, कंपनी एवढंच मागते. तुमच्या मुलीचं केलंत, मैत्रिणीच्या मुलाचं केलंत, सोडून देऊ. कामावर परत या. फक्त कुठल्या कांडीला कोणती लहर ते आकडे तुमच्याजवळ राहू द्या. ते बाहेर गेले तर उद्या नंदुरबारचा कुठलाही कातडीचा डॉक्टर टिंब काढील.

पूर्णा तिच्या खांद्यावर गाल टेकून बोटं चोखत होती. केतकीनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि समोर पाहिलं.

“साहेब, आठही आकडे इथं भिंतीवर लावलेत. मोठ्या अक्षरांत. नंदुरबारला कालच गेलेत, धुळ्यालाही.”

पलीकडून सबनीसांनी विचारलं, तुम्ही गंमत करताय का.

“वाचून दाखवते की,” केतकी म्हणाली. “पहिली कांडी. सातशे वीस.”

बाकावरची एक म्हातारी नातवाचा कान धरून बसली होती. ती पुढं वाकली.

“जरा मोठ्यानं म्हण माय,” ती म्हणाली. “मागं ऐकू येत नाही.”